ग्रेड परीक्षा: सात गुण बाजूला ठेवून पाहिलं तर

आठवी-नववीतल्या मुलाला चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवावं का? बसवावं. मात्र बहुतेक घरांत ज्या कारणासाठी बसवतात, ते या परीक्षेतलं सगळ्यांत किरकोळ कारण आहे. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला 7 वाढीव गुण, ब मिळाली तर 5, क मिळाली तर 3. नुसत्या या गुणांसाठी तयारी केली की तेरा-चौदा वर्षांच्या मेंदूला खरोखर उपयोगी पडणारा भाग पहिल्यांदा गाळला जातो आणि हातात प्रमाणपत्र तेवढं उरतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'शासकीय रेखाकला परीक्षा' महाराष्ट्राचं कला संचालनालय घेतं. पायऱ्या दोन, प्रत्येक पायरी दोन दिवसांची, पेपर चार. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी मागे कापड सोडलेलं स्थिरचित्र येतं आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. नाव शाळेतूनच नोंदवायचं.

पेपरांकडे वळण्याआधी, या वयात डोक्यात काय चाललेलं असतं ते पाहू. मेंदूचे अभ्यासक जे. गीड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याच त्या मुलांचे एमआरआय काही वर्षांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा काढले. 1999 मध्ये त्यांनी मांडलं की कपाळामागच्या भागातल्या करड्या थराचं आकारमान मुलींत अकराच्या आणि मुलांत बाराच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि नंतर कमी होत जातं. ही झीज नाही. फारशा न वापरलेल्या जोडण्या छाटल्या जातात आणि उरलेल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढून संदेश वेगानं धावू लागतात. आखणी करणं, मोह आवरणं, चूक लक्षात आल्यावर मार्ग बदलणं ही कामं करणाऱ्या या भागाची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. बक्षिसाला, नव्या गोष्टीला, बरोबरीच्यांच्या शाबासकीला उसळणारा भाग मात्र त्याच्या बराच आधी जोरात असतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये गाडी चालवण्याच्या संगणकी खेळावर हे दाखवलं: 13 ते 16 वर्षांची मुलं मित्र शेजारी असताना एकटी असण्यापेक्षा जास्त धोके पत्करत होती, मोठ्या माणसांत तसा फरक पडत नव्हता.

यातून 'चित्रकलेनं उजवा मेंदू जागा होतो' असं काही निघत नाही. क्लासच्या पत्रकावर हे वाक्य दिसलं तर पत्रक घडी करून ठेवा. कुठलंही चित्र काढताना मेंदूचे दोन्ही अर्धगोल कामाला लागतात. डोळे बांधून वाचता येतं असं सांगणारं 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन' तर त्याहून वाईट, डोळ्यांवरच्या पट्टीखालून नाकाजवळच्या फटीतून पाहण्याची ती हातचलाखी आहे. कलेनं गणिताचे गुण वाढतात, या दाव्यालाही आधार फार कमी. एलेन विनर आणि लोइस हेटलँड यांनी 2000 मध्ये तोवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा चित्रकलेमुळे इतर विषयांचे गुण वाढतात असं त्यांना दिसलं नाही. वर्गातल्या नाट्यामुळे भाषेला फायदा होतो, हे मात्र ठळकपणे दिसलं. ह्यूस्टनमध्ये 42 शाळांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून कलाशिक्षण वाढवून पाहिलं गेलं. बोवेन आणि किसिडा यांनी 2019 मध्ये त्याचे निकाल मांडले: शिस्तभंगाची नोंद झालेल्या मुलांचं प्रमाण 3.6 टक्के-अंकांनी कमी, लेखनाचे गुण थोडे जास्त, इतरांबद्दलची कणव थोडी जास्त. चमत्कार नाही, पण दखल घेण्याजोगं आहेच.

म्हणून आम्ही ही परीक्षा एकाच कसोटीवर तपासली. या वयाला लागणारा सराव, म्हणजे नीट पाहणं, आखणं, मध्येच न सोडणं, चूक पकडणं आणि दुरुस्त करणं, तो कोणत्या पेपरात किती होतो?

वस्तुचित्र आणि स्थिरचित्र हा या परीक्षेचा कणा. एलिमेंटरीला अडीच तास, इंटरमिजिएटला तीन. समोर लोटा, वांगं, एखादी बरणी. सोपं वाटतं. मूल लोट्याचं तोंड छान गोल काढतं आणि बूड मात्र सरळ रेघेत. का? लोटा टेबलावर सपाट टेकलाय हे त्याला माहीत आहे, आणि हात माहितीचं ऐकतो, डोळ्याचं ऐकत नाही. प्रत्यक्षात डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेल्या लोट्याच्या तोंडाचा लंबगोल चपटा दिसतो आणि बुडाचा त्याहून जास्त उघडा, कारण तो नजरेपासून आणखी खाली आहे. आपलं 'ठाऊक असलेलं' बाजूला सारून समोरचं मान्य करायचं, हा स्वतःला आवरण्याचा सराव दर दोन मिनिटांनी होतो. इतक्या थोड्या सामानात तो दुसरीकडे कुठे मिळत असेल असं वाटत नाही.

हमखास होणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय असे.

लंबगोलाची टोकं बदामासारखी टोकदार होतात. हात मनगटातून फिरतो म्हणून. खांद्यातून फिरवायचा, कागदाला न टेकवता हवेत दोन फेरे घ्यायचे आणि तिसऱ्या फेऱ्याला पेन्सिल टेकवायची. वस्तूच्या मधून उभी अक्षरेषा आधी मारली नाही तर लोटा एका बाजूला कलतो. काढणाऱ्याला ते दिसत नाही, पाठीमागे उभ्या असलेल्याला लगेच दिसतं. म्हणून दर वीस मिनिटांनी पॅड हातभर लांब धरून पाहायचं, नाहीतर उलटं करून.

पेन्सिलीनं माप घेताना कोपर वाकलं तर प्रत्येक माप वेगळं येतं. हात पूर्ण ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल नजरेच्या रेषेला काटकोनात. आधी एकच माप नक्की करायचं, समजा वांग्याची रुंदी, आणि बाकी सगळं त्याच्या पटीत मोजायचं. वस्तूंच्या मधल्या रिकाम्या जागेचा आकार स्वतंत्रपणे काढून पाहिला की दोन वस्तूंमधलं अंतर चुकत नाही.

चौथी चूक वेळेची. मुलं पहिल्या वस्तूत रमतात आणि तिसरी वस्तू शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात. दीडशे मिनिटांची आमची वाटणी अशी: 10 मिनिटं नुसतं पाहणं आणि कच्च्या कागदावर काड्यापेटीएवढी दोन रेखाटनं, 40 मिनिटं सर्व वस्तूंचं रेखाटन एकत्र, 5 मिनिटं लांबून पाहणं, 75 मिनिटं रंग, फिक्यापासून गडदाकडे, 15 मिनिटं सर्वांत गडद जागा आणि पडछाया, 5 मिनिटं राखीव. पहिली दहा मिनिटं शेजारच्यानं रेघा मारायला सुरुवात केलेली असताना आपण नुसतं बघत बसणं, हेच या वयात सगळ्यांत जड जातं. घरी मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावून, तो वाजेपर्यंत पेन्सिल उचलायची नाही असा नियम करा. दोन-तीन आठवड्यांत अंगवळणी पडतो.

जलरंगात डाग पडतात ते बहुतेक वेळा उतावळेपणानं. पहिला हात ओलसर असताना त्यावर जास्त पाण्याचा कुंचला टेकला की रंग कडेला ढकलला जातो आणि फुलकोबीसारखी कडा उमटते. कागद बोटाच्या मागच्या बाजूनं हलकेच तपासायचा; गार लागला तर अजून ओला आहे. तोवर दुसऱ्या वस्तूकडे वळायचं.

स्मरणचित्र हा पेपर कागदावर उत्तम आहे आणि प्रत्यक्षात सर्वांत बिघडलेला. विषय ओळखीचे असतात: बसथांबा, मंडई, पावसात शाळेला निघालेली मुलं. दोन तासांत माणसं, जागा आणि प्रसंग जुळवायचा. यात आठवणही लागते, कल्पनाही आणि मांडणीही. मग क्लास काय करतात? पाच-सहा मानवाकृती पाठ करून घेतात. बसलेली बाई, छत्रीवाला, पाठमोरा मुलगा, हात वर केलेली मुलगी. विषय मंडईचा आला तर बाईपुढे टोपली, बागेचा आला तर तिच्याखाली बाकडं. एकाच गावातल्या तीस मुलांच्या चित्रांत तीच बाई त्याच कोनात बसलेली असते. श्रेणी मिळतेही, पण मुलाचा सराव झाला तो कित्ता गिरवण्याचा. सुलेखनात कित्त्याला स्थान आहे, इथे नाही.

तयारी अशी करावी. आठवड्यातून एकदा वही आणि 4बी पेन्सिल घेऊन एसटी स्टँड, देवळाचा पार, रेल्वेचा प्लॅटफॉर्म, जे जवळ असेल तिथे अर्धा तास. एका माणसाला दोन मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही, खोडरबर घरी. दहा-बारा आकृत्या होतात. चेहरे नकोत; वजन कोणत्या पायावर आहे, खांदे कुठे कलले आहेत, पिशवी धरलेला हात किती ताणला आहे एवढंच. दुसऱ्या दिवशी वही न उघडता त्यातला एक प्रसंग मोठ्या कागदावर काढायचा आणि मगच वहीशी ताडून पाहायचा. काय निसटलं ते लाल पेन्सिलीनं लिहून ठेवायचं. या पद्धतीचा खरा जीव या ताडून पाहण्यातच आहे. वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं होतं की शब्द नुसते लिहून काढण्यापेक्षा त्यांची चित्रं काढली तर ते जास्त आठवतात. तो प्रयोग कॉलेजच्या मुलांवरचा होता आणि चित्रं सुंदर असण्याची अटही नव्हती.

दोन मापं मात्र पाठच असावीत. उभा मोठा माणूस साधारण सात ते साडेसात डोक्यांचा, चार-पाच वर्षांचं मूल पाच डोक्यांच्या आसपास. मुलं लहान मूल काढताना मोठ्या माणसालाच छोटं करतात, त्यामुळे बुटका काका तयार होतो. दुसरं क्षितिजरेषेचं. आपण उभे राहून पाहतोय असं धरलं तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, आपल्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात, माणूस जवळ असो वा लांब. फरक पडतो तो पायांच्या जागेत. हे एवढं कळलं तरी 'हवेत तरंगणारी माणसं' बंद होतात.

संकल्पचित्र हा आखणीचा पेपर. दिलेल्या आकारात नक्षी बसवायची, रंग मोजके ठेवायचे, सपाट भरायचे. चार ते पाच रंगांच्या वर गेलात तर नक्षी गोधडी होते (गोधडीबद्दल पूर्ण आदर ठेवून). पोस्टर रंग ताकापेक्षा दाट आणि श्रीखंडापेक्षा पातळ हवा. जाड झाला तर वाळल्यावर तडकून पापुद्रे सुटतात, पातळ झाला तर कुंचल्याचे पट्टे दिसतात. फिके रंग वाळल्यावर थोडे गडद होतात, गडद थोडे फिकट, म्हणून आधी तुकड्यावर लावून वाळवून पाहावं आणि लागेल तेवढा रंग एकदमच कालवून झाकून ठेवावा. मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही. हाताखाली कोरा कागद हवा. सप्टेंबरातल्या घामानं अर्धी नक्षी पुसली जाते.

दुसऱ्या तासाला कंटाळा येतो. एकच पाकळी सोळा वेळा भरायची असते. हा कंटाळा परीक्षेचा दोष नाही. पुढच्या टप्प्याचं बक्षीस लांब असताना हातातलं काम न बिघडवता नेणं, हेच तर कपाळामागच्या भागाकडून शिकून घ्यायचं आहे. तयार नक्षी पाठ करून नेली तर कंटाळा तेवढा उरतो, आखणी गेली.

भूमिती आणि अक्षरलेखन याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कंपासचं शिसं सैल असलं की वर्तुळ जुळत नाही, आणि बांधणीच्या रेषा 2एच पेन्सिलीच्या, पक्क्या रेषा एचबीच्या, एवढं सांभाळलं तर पुरतं. घनभूमिती शाळेत शिकवली नसेल तर एखादी सहामाही द्यावीच लागते. अक्षरांमध्ये सारखं अंतर मोजून ठेवायचं नसतं, डोळ्याला सारखं दिसेल असं ठेवायचं. शिरोरेखेखाली 'ग' आणि 'म' यांच्यामध्ये राहणारी पोकळी 'ट' आणि 'ठ' यांच्यामधल्या पोकळीसारखी नसते.

आता व्यवस्था म्हणून या परीक्षेत काय कमी आहे. निकालात फक्त श्रेणी येते. ब का मिळाली, स्थिरचित्र चांगलं होतं की संकल्पचित्र, काही कळत नाही. चूक कळून सुधारणं हाच ज्या वयाचा मुख्य धडा, त्या वयाला हे फारच तोकडं आहे. ती उणीव सरावातच भरून काढायला हवी: प्रत्येक चित्रावर तारीख घालून फोटो काढा आणि महिन्यातून एकदा त्या महिन्यातली सगळी चित्रं ओळीनं मांडून पाहा. दुसरं, अनेक शाळांत कलाशिक्षकच नाही. तिथे मुलांना खासगी क्लासशिवाय पर्याय उरत नाही.

क्लास निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. भिंतीवरची स्मरणचित्रं एकसारखी दिसतात का? दिसली तर बाहेर पडा. सर किंवा मॅडम मुलाच्या कागदावर स्वतः रेघ मारतात का? मारत असतील तर चित्र सुधारतं, मूल नाही. दुरुस्ती शेजारच्या वेगळ्या कागदावर करून दाखवायला हवी. आणि समोर खरी वस्तू ठेवतात की फोटो? फोटोतल्या वस्तूचं सपाटीकरण कॅमेऱ्यानं आधीच केलेलं असतं, मुलाला करायला काही राहत नाही.

चौथी गोष्ट सहज दिसत नाही: सगळ्यांसमोर चित्र दाखवताना काय बोललं जातं. बरोबरीच्यांनी वगळलं की या वयातल्या मुलींचा मूड मोठ्या बायकांपेक्षा जास्त ढासळतो, हे सेबॅस्टियन, ब्लेकमोर वगैरेंनी 2010 मध्ये चेंडू फेकण्याच्या संगणकी खेळावर तपासलं होतं. अकरा-बाराव्या वर्षी मुलांना आपलं चित्र 'खऱ्यासारखं' नाही हे कळू लागतं आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेक जण कायमचं थांबतात. तेव्हा एखादं 'अरे, हा लोटा आहे का भोपळा' पुरतं. नियम साधा ठेवावा: पहिली दोन मिनिटं फक्त काय दिसतंय ते सांगायचं, चांगलं-वाईट नंतर, आणि तेही जागेवर बोट ठेवून.

वेळेचंही पाहा. पहाटे सहाचा क्लास शिस्तीचा वाटतो, पण वयात येताना झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. ही मुलं आळशी नसतात, अर्धवट झोपलेली असतात. गंमत अशी की राज्य सरकारनं 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, आणि उशिरा उठण्याची शारीरिक गरज ज्यांना जास्त ती आठवी-नववी त्यातून सुटली. क्लास संध्याकाळचा घ्या. जूनपासून आठवड्याला नव्वद मिनिटांच्या दोन बैठका पुरतात; परीक्षेआधी पंधरा दिवस रोज चार तास घासण्यानं हात थकतो, नजर तयार होत नाही.

सामान थोडं लागतं. 2एच, एचबी, 2बी, 4बी, 6बी पेन्सिली, गोल कुंचले 2, 4, 8 क्रमांकाचे आणि एक चपटा, विद्यार्थी दर्जाचे पोस्टर रंग आणि जलरंग, पाण्याला दोन डबे (एक कुंचला धुवायला, एक स्वच्छ पाण्याला), जुनं सुती कापड, चिमटे. नवीन कुंचला परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा काढू नये. त्याला डिंक लावून टोक दिलेलं असतं, ते धुऊन एक-दोन चित्रांत सरावाचा व्हावा लागतो.

आमची मोजणी: वस्तुचित्र-स्थिरचित्र पाचपैकी पाच. संकल्पचित्र चार. स्मरणचित्र स्टँडवर बसून केलं तर पाच, पाठ करून केलं तर एक. भूमिती तीन. निकालाची पद्धत दीड.

ज्या मुलाला चित्र नकोच आहे त्याला 7 गुणांसाठी ओढू नका. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य यांनाही दहावीला वाढीव गुणांची सोय आहे आणि नाटक आवडत असेल तर तालमीला जाऊ द्या. बसणार असेल तर इंटरमिजिएट नववीतच उरकावी, म्हणजे सराव दहावीच्या अभ्यासावर येत नाही. आणि दहावीत रंगपेटी माळ्यावर टाकू नका. शनिवारी पंचवीस मिनिटं, स्वयंपाकघरातली एक वस्तू, एक पेन्सिल, खोडरबर नाही.